रोजची सायकल, जळगाव : कामाच्या नोंदी

5 जानेवारी 2025, रविवार

सकाळी मेहरूण तलावावर बसलो होतो, सायकल दुकानवाले काका, रेल्वेतून रिटायर झालेले नाना, पॉलिटेक्निकची तीन पोरं, मी आणि आमच्याच शाळेतल्या पीटीच्या मॅडम. पहिलीच मीटिंग, तरी एक गोष्ट लगेच ठरली की रॅली काढायची नाही आणि टी-शर्ट छापायचे नाहीत. रविवारी लांब राईड मारणारे ग्रुप गावात आहेत, छान आहेत, ते त्यांचं बघतात. आपण सोमवार ते शनिवार जे सायकलवर असतात त्यांच्यासाठी काम करायचं, म्हणजे एमआयडीसीतले कामगार, पेपरवाले, वॉचमन, कॅरियरला कॅन लावून दूध घालणारे, शाळेच्या पोरी. काका म्हणे की गिअरवाली सायकल दुकानात कधीमधी येते, दुकान चालतं ते काळ्या बावीस इंचीवर (म्हणजे फ्रेमचं माप) आणि लेडीज सायकलवर, पंक्चर, ट्यूब, ब्रेकचे रबर, बस.

2011च्या जनगणनेत देशातल्या जवळपास 45 टक्के घरांत सायकल होती आणि शेती सोडून इतर कामं करणाऱ्यांत साधारण 13 टक्के लोक सायकलने कामावर जायचे. आकडे जुने आहेत पण एवढ्यावरून एक कळतं की सायकल "परत आणायची" वगैरे भाषा करायची गरजच नाही, ती आहेच रस्त्यावर, रोज आहे, फक्त रस्ता करताना तिचा कोणी विचार करत नाही.

ग्रुपचं नाव साधं ठेवलं, रोजची सायकल. मी विज्ञान शिकवते म्हणून नोंदी माझ्याकडे आल्या.

8 जानेवारी

अजिंठा चौफुलीच्या अलीकडे सकाळी मोजणी केली, पोरांनी कागदावर रकाने आखून आणले होते, सायकल, मोटारसायकल, रिक्षा, कार, ट्रक, आणि सायकलवाल्यांसाठी वेगळा कागद: लाईट आहे का, मागे रिफ्लेक्टर आहे का, कॅरियरवर ओझं आहे का, राँग साईडने चालला का. थंडी मरणाची होती, हाताची बोटं वळेनात, पण सात वाजल्यापासून एमआयडीसीकडे जी रांग लागते ना, ती एकदा कोपऱ्यात उभं राहून बघावी. मफलर गुंडाळलेले, हँडलला डबा लटकवलेला, अर्धे जण डाव्या कडेच्या मातीवरून चाललेले कारण डांबराची कड तुटलेली आणि मागून ट्रकचा हॉर्न.

शंभरावी सायकल पहिल्याच तासात गेली. हा शंभराचा आकडा का महत्त्वाचा ते पुढे लिहिते.

12 जानेवारी

नानांनी इंडियन रोड्स काँग्रेसचं (आयआरसी, देशातल्या रस्त्यांची स्टँडर्ड ठरवणारी इंजिनिअर लोकांची संस्था) सायकल ट्रॅकवरचं जुनं स्टँडर्ड काढून आणलं, आयआरसी:11, 1962 सालचं. त्यात लिहिलंय की गर्दीच्या तासाला 400 सायकली असतील आणि मोटारगाड्या 100 ते 200 असतील तर वेगळा सायकल ट्रॅक करता येतो, पण मोटारगाड्या तासाला 200च्या वर असतील तर सायकली फक्त 100 असल्या तरी वेगळा ट्रॅक योग्य ठरतो. 1962 साली! तेव्हा जळगावात कार किती असतील. 2015 साली हेच स्टँडर्ड नव्याने काढलं गेलं. म्हणजे आपण काही परदेशातलं फॅड मागत नाहीये, आपल्याच इंजिनिअर लोकांनी साठ वर्षांपूर्वी हे लिहून ठेवलंय आणि आपली चौफुली त्या हिशोबात कधीच बसलेली आहे.

पोरं एकदम पेटली. आता प्रत्येक मोजणी तासातासाने वेगळी लिहायची, म्हणजे निवेदनाला थेट जोडता येईल.

राँग साईडबद्दल थोडं लिहायला पाहिजे कारण मीटिंगमध्ये त्यावरच सगळ्यात जास्त बोलणं झालं. एक पोरगा म्हणे, मॅडम हे लोक नियमच पाळत नाहीत, आपण कशाला त्यांची बाजू घ्यायची. मग आम्ही नकाशा उघडला. हायवेच्या एका बाजूला वस्ती, कामाचं गेट त्याच बाजूला पण अर्धा किमी उलट्या दिशेला. कायद्याने जायचं तर माणसाने आधी हायवे ओलांडायचा, पलीकडून अर्धा किमी जायचं, पुन्हा हायवे ओलांडायचा. भरधाव ट्रकमधून दोनदा ओलांडण्यापेक्षा तो कडेकडेने उलटा येतो, आणि खरं सांगायचं तर त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. राँग साईड धोक्याचीच आहे, गल्लीतून बाहेर येणारा गाडीवाला फक्त उजवीकडे बघतो आणि हा डावीकडून येतो, धडक तिथेच होते. पण उपाय त्या माणसाला झापण्यात नाही, समांतर रस्त्यात आहे. जळगावात सर्व्हिस रोडसाठी लोकांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केलीत ती उगाच नाहीत. पाळधी ते तरसोद बायपासने जड वाहनं बाहेरून वळली की शहरातला हा पट्टा शहराचा रस्ता म्हणून नव्याने आखायला हवा, तेव्हाच सायकलची लेन मागून घेतली पाहिजे. एकदा दुभाजक आणि पार्किंग पक्कं झालं की मग कोणी हलवत नाही.

19 जानेवारी, रविवार

ब्रेक-लाईट कॅम्प. एमआयडीसीत चहाच्या टपरीमागची मोकळी जागा मिळाली, काही कंपन्या रविवारीही चालू असतात, शिफ्ट सुटली की माणसं थांबली.

काकांचं काम बघण्यासारखं असतं. सायकल आली की आधी ते काहीच बोलत नाहीत, पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलतात, मागचं चाक उचललं गेलं तर ब्रेक ठीक, नाहीतर सायकल स्टँडवर. बहुतेक सायकली सळईच्या ब्रेकवाल्या. रबर झिजून पत्रा रिमला घासत होता अशा कितीतरी निघाल्या, आणि एका आबांच्या सायकलचा रबर नवा होता तरी ब्रेक लागेना. काकांनी रिमवर बोट फिरवलं, वास घेतला, म्हणे तेल टाकलं का हो आबा? आबा म्हणे कुईकुई वाजत होतं म्हणून टाकलं. काकांनी रॉकेलच्या फडक्याने रिम पुसली, रबर काढून पॉलिश पेपरवर चारदा घासला, वरची चकाकी गेली तशी खाली खरखरीत काळं रबर दिसायला लागलं, परत बसवला, सळईचा नट अर्धा फेरा आवळला. आबांनी एक चक्कर मारली आणि ब्रेक दाबला तर पुढेच झुकले. मग काकांनी सगळ्यांना जमवून सांगितलं, तेल चेनला आणि फ्रीव्हीलला, रिमला मात्र कधीच नाही, आणि ब्रेक वाजत असेल तर चाक आऊट आहे का ते बघा, आरे ढिले असतील.

रिफ्लेक्टिव टेप आम्ही मीटरने आणली होती, पुढे पांढरी, मागे लाल, पायडलला पिवळी. पायडलची सगळ्यात महत्त्वाची, कारण वरखाली हलणारे दोन ठिपके दिसले की मागच्या ड्रायव्हरला लांबूनच कळतं की पुढे सायकल आहे, स्थिर ठिपका असला तर तो खांबही असू शकतो. नवीन सायकलच्या रिफ्लेक्टरसाठी केंद्र सरकारने 2020 साली क्वालिटी कंट्रोल ऑर्डर काढली आहे, पण रस्त्यावरच्या सायकली दहा-वीस वर्षांच्या, त्यांना टेपच. मागची टेप कॅरियरवर लावून उपयोग नाही हे तिथेच कळलं, पोतं टाकलं की झाकली जाते. मडगार्डच्या खालच्या टोकाला लावायची, आणि एक पट्टी डब्याच्या पिशवीला.

संध्याकाळी अंधार पडल्यावर नाना रस्त्याच्या कडेला सायकल घेऊन उभे राहिले, आम्ही लांबून मोटारसायकलचा हेडलाईट टाकला. टेप नसताना नाना दिसायच्या आत आम्ही जवळ आलो होतो. टेप लावल्यावर पहिल्या झोतातच पायडल चमकले. जे कामगार बघायला थांबले होते ते आपणहून लाईनीत उभे राहिले, भाषणाची गरजच पडली नाही.

26 जानेवारी

एकाने विचारलं रॅली काढता का, फोटो येईल पेपरात. नाही म्हटलं. त्याऐवजी दुपारी उरलेली टेप शिवाजीनगरच्या बाजूला वाटून आलो.

2 फेब्रुवारी

शाळेच्या पोरींचे रस्ते. नववी-दहावीच्या पोरींना नकाशाच्या झेरॉक्स दिल्या आणि म्हटलं, घरापासून शाळेपर्यंत कशा येता ते निळ्या पेनने काढा, भीती वाटते तिथे लाल गोल. पोरींनी जे काढून आणलं ते बघून आम्ही दोघी मॅडम गप्पच झालो. लाल गोल फक्त हायवेवर नव्हते. एक गोल वाईन शॉपसमोर होता. एक कुत्र्यांच्या टोळीचा. एक उभ्या ट्रकांच्या रांगेचा, कारण ट्रकच्या मागून जाताना उजवीकडून बस दाबते आणि डावीकडे ड्रायव्हर लोक बसलेले असतात. एका पोरीने तर पूर्ण गल्लीलाच लाल रेघ मारली होती, विचारलं तर म्हणे संध्याकाळी खांबावरचा लाईट बंद असतो.

सुरक्षित सायकल म्हटलं की आपण गाडीची धडक एवढंच धरून चालतो. पोरींसाठी अंधार आणि नजरा हाही रस्त्याचाच भाग आहे. बंद असलेले खांब नंबर टाकून लिहून घेतले, वॉर्डात देणार.

मानव विकास कार्यक्रमातून ज्या तालुक्यांत मुलींना सायकल मिळते तिथे आठवी ते बारावीच्या आणि शाळेपासून पाच किमीपर्यंत राहणाऱ्या पोरी धरतात. फार चांगली योजना आहे, कितीतरी पोरींचं शिक्षण त्या सायकलवर टिकलंय. पण सायकलसोबत सुरक्षित वाट पण द्यायला पाहिजे, ती कुठल्याच योजनेत नाही.

9 फेब्रुवारी

पालक मीटिंग. एरंडोलकडचे एक बापू आले होते, त्यांची पोरगी नववीत, हुशार. सगळं ऐकून घेतलं आणि उभं राहून म्हणे, "मॅडम, तुम्ही सांगतस ते बठ्ठं खरं शे, पन मन्ही पोरले हायवे कोन पार करी देई?"

पोरीला हायवे कोण पार करून देणार, याला आमच्याकडे त्या मिनिटाला उत्तर नव्हतं, म्हणून उगाच काही बोललो नाही. पण त्यानंतरचं सगळं काम त्या एका प्रश्नावर आहे असं मी धरते.

16 फेब्रुवारी

उत्तर सापडतंय असं वाटतं. पीटीच्या मॅडमनी सायकल बसची कल्पना आणली. बार्सिलोनात 2021 पासून पोरं अशी शाळेत जातात, ठरलेली वाट, ठरलेला टाइम, ठरलेले थांबे, पुढे एक मोठं माणूस, मागे एक, मध्ये पोरं, आणि थांब्या-थांब्यावर नवीन पोरं येऊन मिळतात. आपल्याकडे दिंडीला माणसं गावागावात येऊन मिळतात तसंच. चौकात एक मोठा माणूस पुढे जाऊन हात करून उभा राहतो, सगळी पोरं एकदम निघतात, कोणी मागे राहत नाही.

वाट शोधायला तीन संध्याकाळी फिरलो. नियम एकच ठेवला, लांब पडली तरी चालेल पण आतल्या कॉलन्यांतून जायचं आणि हायवे फक्त अंडरपासखालून ओलांडायचा. सायकल तासाला बारा-पंधरा किमी आरामात जाते, अर्धा किमीचा वळसा म्हणजे दोन-अडीच मिनिटं. बापूंना घेऊन गेलो शेवटच्या दिवशी. अंडरपासमध्ये त्यांनी सायकल थांबवली, वर गाड्यांचा आवाज ऐकला, म्हणे इथून चालेल, पण पावसाळ्यात पाणी तुंबेल ते बघा. बरोबर आहे, लिहून ठेवलंय.

23 फेब्रुवारी

ट्रायल, सुट्टीच्या दिवशी. पोरी कमी आल्या पण बापूंची आली आणि बापू स्वतः मागच्या टोकाला होते. चौकात एका रिक्षावाल्याने रिक्षा आडवी लावून सगळी रांग जाऊ दिली. मनापासून धन्यवाद त्या दादाला.

6 मार्च

हेल्मेटवर वाद झाला, इथे माझं मत लिहून ठेवते. आपल्या कायद्यात सायकलला हेल्मेटची सक्ती नाही. मी स्वतः घालते, पोरींनीही घालावं, डोक्यावर पडलं तर हेल्मेट वाचवतं यात शंका नाही. पण कॅम्पला येणाऱ्या कामगाराला पहिलं वाक्य हेल्मेटचं ऐकवायचं नाही. त्याला आधी ब्रेक, मग लाईट, मग टेप, ह्या गोष्टींनी धडकच टळते, हेल्मेटचं काम धडक झाल्यावर सुरू होतं. आणि ट्रकखाली आल्यावर हेल्मेट काहीही करू शकत नाही, तिथे फक्त रस्ता आणि वेग.

शाळेच्या पोरींसाठी हेल्मेट घ्यायला दोन पालक आणि एक डॉक्टर तयार झालेत. माप बघून घ्यायचं, भुवईच्या वर दोन बोटं, हनुवटीच्या पट्ट्यात एक-दोन बोटं जातील एवढं ढिलं. मोठं आणून "पुढच्या वर्षी होईल" हे हेल्मेटला चालत नाही.

14 मार्च

धुळवड. आज काहीच नाही. फक्त ग्रुपवर मेसेज टाकला की पाण्याचे फुगे सायकलवाल्यावर मारू नका, तोल जातो.

20 मार्च

नववीच्या वर्गात आज गतिज ऊर्जेची उजळणी होती, पेपर जवळ आलेत, मी फळ्यावर पुस्तकातलं उदाहरण न घेता आपला रस्ता घेतला. 60च्या स्पीडची गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते. माणसाला दिसणं आणि पाय ब्रेकवर जाणं यात तेवढाच एक सेकंद जातो. 30ला तीच गाडी आठ मीटरच्या थोडी पुढे. आणि ऊर्जा वेगाच्या वर्गावर असते, वेग अर्धा केला तर धडकेची ताकद चौथाई. मागच्या बाकावरची पोरगी म्हणे, मग मॅडम शाळेसमोर 30च का नाही ठेवत? तिचा प्रश्न जसाच्या तसा निवेदनात घातला.

निवेदनात काय काय घातलं ते इथे लिहिते, दुसऱ्या गावात कोणाला उपयोग झाला तर. केंद्र सरकारच्या 2018च्या अधिसूचनेत शहराच्या हद्दीतल्या रस्त्यांवर कारला जास्तीत जास्त 70 आणि मोटारसायकलला 60ची मर्यादा आहे. ही वरची मर्यादा झाली, मोटार वाहन कायद्याच्या कलम 112 खाली सुरक्षिततेसाठी ती स्थानिक पातळीवर कमी करता येते. 2019च्या दुरुस्तीने कलम 138 मध्ये उपकलम 1अ आलं, त्यात पायी चालणारे आणि सायकलसारखी बिनमोटारीची वाहनं यांच्यासाठी राज्याला नियम करता येतात. 2020 साली स्टॉकहोमच्या जागतिक परिषदेत ठरलं की जिथे पायी माणसं, सायकली आणि गाड्या एकत्र असतात तिथे 30. म्हणून मागणी: शाळेच्या वाटेवरच्या कॉलनी रस्त्यांना 30, बोर्ड लावून.

पण नुसत्या बोर्डाने काही होत नाही हे सगळ्यांना माहितीये, म्हणून गतिरोधक. इथे जरा थांबते कारण गतिरोधक हा विषय आपल्याकडे फार वाईट हाताळला जातो. कॉलनीत कोणीतरी सिमेंटचा उभा उंचवटा करून टाकतं, कार त्यावरून हळूहळू जाते आणि सायकलवाला उडतो, मागे बसलेलं पोरगं पडतं. आयआरसी:99 मध्ये गोल गतिरोधकाचं माप दिलंय, रुंदी 3.7 मीटर, मधली उंची 10 सेंटीमीटर, 25च्या स्पीडसाठी. पावणेचार मीटर लांब चढ-उतार म्हणजे सायकल त्यावरून अलगद जाते. नानांनी टेपने मोजलं, आमच्या वाटेवरचा एकही त्या मापाचा नाही. मापं, फोटो, ठिकाण असं सगळं जोडून दिलं.

नेदरलँडचं उदाहरण शेवटी टाकलं, कारण "तिकडचं वेगळं" असं कोणीतरी म्हणतंच. 1971 साली त्या छोट्याशा देशात रस्त्यावर तीन हजारांहून जास्त माणसं गेली, त्यात चारशेच्या वर मुलं होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले, "मुलांचे खून थांबवा" म्हणून. आजचं सायकल रस्त्यांचं जाळं बरंचसं त्यानंतर झालं, आधीपासून एवढं नव्हतं.

10 एप्रिल

पारा चाळीसच्या वर. दुपारी बारा ते पाच सायकल नको असं आम्ही सरळ सांगतो, पण दुपारच्या शिफ्टला जाणारा माणूस काय करेल? त्याला पर्याय नाही. म्हणून सावलीचा नकाशा. पोरांनी आमच्या वाटांवरची कडुनिंबं आणि वडाची झाडं टाकली, कुठल्या बाजूला दुपारी सावली पडते ते पण. दोन ठिकाणी माठ ठेवले, एक दुकानदार रोज भरतात.

सांगायच्या गोष्टी: निघण्याआधी पाणी, सोबत मीठ-साखरेचं पाणी किंवा पन्हं, डोक्याला ओला रुमाल. चक्कर, मळमळ, डोकं ठणकणं सुरू झालं की उतरायचं, सावलीत बसायचं, कपडे ओले करायचे. घाम थांबला किंवा बोलणं बरळायला लागलं तर तो उष्माघात समजायचा, लगेच दवाखाना, वाट बघायची नाही. टायरमध्ये हवा टायरवर लिहिली असते तेवढीच, सायकल उन्हात उभी ठेवून परत वरून भरायची नाही.

30 एप्रिल, आखाजी (अक्षय्य तृतीया)

गावात झोके बांधलेत, माहेरवाशिणी आल्यात, घरोघर खापरावरच्या पोळ्या. आज सुट्टी असेल असं मला वाटलं होतं पण दुपार उतरल्यावर गल्लीतल्या दोन माहेरवाशिणी घरी आल्या, म्हणे ताई, तुम्ही सायकल शिकवता ना, आम्हाला शिकायचंय, सासरी कोणी शिकू देत नाही, इथे आहोत तोवर शिकवा. दोघी तिशीच्या पुढच्या.

उद्यापासून संध्याकाळी शाळेचं ग्राउंड.

8 मे

ग्राउंडवर आता गर्दी व्हायला लागली. आखाजीच्या दोघी सासरी गेल्या पण त्यांच्या वहिन्या, काकू, शेजारणी आल्या.

शिकवायची पद्धत काकांची. आधी सीट एकदम खाली, दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. दोन्ही पायडल काढून टाकायचे. मग पायाने जमिनीला रेटा देत सायकल पुढे सोडायची, आधी छोटे रेटे, मग लांब, मग दोन्ही पाय उचलून जाता येईल तेवढं जायचं. नजर समोरच्या झाडावर, चाकाकडे नाही. ब्रेक हातात पक्का बसेपर्यंत पायडल लावायचे नाहीत. मागून कॅरियर धरून पळायची पद्धत आम्ही बंदच केली, त्याने शिकणारीचा तोल तिचा होतच नाही. डावा पायडल फिरवताना उलटी आटी असते, डावा उलट्या बाजूने सुटतो, हे पण बायकांना शिकवलं, पाना हातात घेऊन स्वतः काढा म्हटलं. एका काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा पाना धरला आणि पायडल काढून वर करून सगळ्यांना दाखवला.

साडीत, पंजाबी ड्रेसमध्ये शिकवतो, कपडे बदलून या असं सांगत नाही, कारण उद्या बाजारात त्या त्याच कपड्यात जाणार. फक्त चेन कव्हर पूर्ण पाहिजे, मागच्या चाकाला जाळी पाहिजे, ओढणी मागे गाठ मारून. चढ-उतार नसलेलं हे गाव सायकलला फार सोयीचं आहे, पूल सोडले तर. दाणाबाजार, फुले मार्केट, दवाखाना, सगळं घरापासून दोन-चार किमीत. बायकांना रिक्षाचे पैसे आणि कोणाची तरी वाट बघणं दोन्ही वाचतं.

3 जून

जागतिक सायकल दिन, संयुक्त राष्ट्रांनी 2018 साली जाहीर केलेला. आम्ही दिवसभर कारवाल्यांना एकच गोष्ट दाखवत होतो, दार उघडताना डावा हात वापरा. ड्रायव्हर उजवीकडे बसतो, उजव्या हाताने दार ढकलतो आणि मागे बघत नाही. डाव्या हाताने उघडायला गेलं की अंग आपोआप वळतं आणि मान मागे जाते, मागून येणारी सायकल दिसते. नवी पेठेत, सुभाष चौकात पार्क करणाऱ्यांना थांबवून करून दाखवायला लावलं. बहुतेकांनी हसून केलं, एका सराफ काकांनी त्यांच्या ड्रायव्हरला खाली उतरवून परत बसवलं आणि दोनदा करून घेतलं.

12 जून

जोरदार पाऊस. अंडरपासमध्ये पाणी आलंय का बघायला नाना आणि बापू गेले, घोट्यापर्यंत होतं, तासाभरात ओसरलं. त्या दिवसासाठी सायकल बसची दुसरी वाट ठरवून ठेवलीये.

येताना नानांनी दुसरीच गोष्ट पाहिली. वाटेवर नाल्यावर लोखंडी जाळ्या टाकल्यात, त्यांच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेनेच लांब आहेत. बावीस इंची सायकलचा टायर 28 गुणिले दीड इंचाचा, म्हणजे साधारण चार सेंटीमीटर रुंद, पोरींच्या सायकलचा त्याहून बारीक. जाळीची फट मोजली, टायर सहज आत जातो. पुढचं चाक अडकलं तर पोरगी हँडलवरून थेट पुढे. पाणी साचलं की फट दिसतही नाही. जाळी आडवी फिरवली की प्रश्न संपतो, खर्च फक्त कटिंग-वेल्डिंगचा. सगळ्या जाळ्यांना आजच चुन्याने गोल केला, पाऊस धुऊन टाकेल म्हणून वर लाल कापड बांधलं आणि वॉर्डात फोटो दिले.

16 जून, सोमवार

शाळा उघडली. सायकल बस निघाली, पहिल्या थांब्यावरून काकूंच्या दोन नाती, मग कॉलनीतल्या पोरी, अंडरपासला बापूंची पोरगी. पुढे पीटीच्या मॅडम, मागे पॉलिटेक्निकचा पोरगा. सगळ्यांच्या मागच्या मडगार्डला टेप. रेनकोट पिवळे किंवा केशरी घ्या असं आधीच सांगितलं होतं, काळा-निळा पावसात दिसतच नाही. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, म्हणून दोघींमध्ये तीन सायकलींचं अंतर, आणि चौकाच्या आधी दोनदा हलका ब्रेक दाबून रिम पुसून घ्यायची.

मुलगे पण यायचं म्हणतात. येऊ द्या.

24 जून

वॉर्डातली माणसं आली, शाळेजवळच्या दोन जाळ्या कापून आडव्या करून बसवल्या. मी बावीस इंची त्यांच्यावरून सगळ्या बाजूंनी फिरवून बघितली, चाक अडकत नाही. अंडरपासजवळच्या जाळ्या राहिल्यात, वेल्डिंगवाल्या दादांनी शनिवारचं सांगितलंय, तोपर्यंत तिथे बापू सकाळी उभे राहतील. 30च्या बोर्डासाठी जागेची पाहणी व्हायचीये, मोजणीचे सगळे कागद तासवारी लावून फाईल तयार आहे, नाना घेऊन जातील. ब्रेक कॅम्पसाठी रबर संपलेत, काकांना सळईच्या ब्रेकचे जास्त आणायला सांगितले.